बेसिनमधली लिंबोणी

दिव्याखाली अंधार म्हणतात, तसा आमच्या घरातला नळ कायम गळका. नवरा प्लंबर. दिवसभर दुसऱ्यांच्या घरचे नळ घट्ट करत फिरणार आणि आमच्या स्वयंपाकघरात टप टप टप. मी ओरडले की हे म्हणायचे, "अगं, गिऱ्हाइकांचं आधी. आपण काय, घरचेच."

लोक नवीन बाथरूम करून घेतात तेव्हा जुनं सामान फेकून देतात. आमचे हे ते घरी घेऊन यायचे. त्यामुळे आमच्या गॅलरीत तडा गेलेल्या फ्लशच्या टाकीत पुदिना, जाड पाइपाच्या तुकड्यांत कोरफड, आणि मधोमध, लोखंडी स्टँडवर, टवका उडालेलं एक जुन्या पद्धतीचं खोल बेसिन. ते आणलं तेव्हा मी म्हणाले होते, "लोक बायकोसाठी काय काय आणतात. तुम्ही बेसिन आणा." यांनी काही न बोलता त्यात माती भरली आणि माझ्या चहाच्या कपातली लिंबाची बी खोचली. बी रुजेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आज तिची लिंबोणी माझ्या खांद्याला लागते.

तिला पाणी घालायचं काम फक्त यांचं. आणि घालायची तऱ्हाही खास यांचीच. वार नाही, वेळ नाही. खिशातला छोटा पाना काढायचा, त्याच्या मुठीने बेसिनवर ठोकायचं आणि कान लावून उभं राहायचं. आयुष्य भिंतीतले पाइप ठोकून पाणी कुठे मुरतंय ते शोधण्यात गेलेलं, तोच हिशेब इथे. माती कोरडी असली की बेसिन 'टण्ण' वाजायचं. ओली असली की 'ठप्प'. ठप्प वाजलं की पाना खिशात आणि हे घरात, मग बाहेर कितीही ऊन असो. टण्ण वाजलं तर मगातून थोडं थोडं, थांबत थांबत, मुरू देत घालायचे. बेसिनच्या भोकाखाली बादली ठेवलेली असायची. तिच्यात पहिला थेंब वाजला की हातातला मग खाली. बास.

आमची लेक लहान असताना हा तिचा आवडता खेळ होता. हे ठोकायचे आणि भुवया उडवून तिच्याकडे बघायचे. टण्णला ती ओरडायची, "तहानली!" ठप्पला ओरडायची, "पोट भरलंय!" चुकली की हे डोक्यावर टपली मारायचे. मी आतून म्हणायचे, "झाडाला विचारून पाणी घालतात, पण बायकोला विचारून कधी चहा केला नाही." ते खरं होतं, आणि हे मान्यही करायचे. चहा मात्र कधी केला नाही.

मग एका सकाळी आरशासमोर अर्धी दाढी झालेली असताना यांच्या हातातून वस्तरा पडला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात लोंबत होता, तोंड एका बाजूला ओढलेलं होतं आणि सगळे शब्द गेले होते. एक सोडून. तोही पुरता नाही. "पा—" एवढंच बाहेर यायचं, आणि त्याचं शेपूट ओठाच्या वाकड्या कोपऱ्यात अडकून बसायचं.

पाणी, दुसरं काय असणार? डॉक्टर म्हणाले पाणी, लेक म्हणाली पाणी, मीही म्हणाले पाणी. प्लंबरच्या तोंडात शेवटी पाणीच राहायचं. लेक आणि मी त्या दिवशी रडता रडता हसलो होतो.

तेव्हापासून "पा—" आलं की मी ग्लास घेऊन हजर. बिचारे पिऊन टाकायचे. कधी तोंड फिरवायचे, कधी ग्लास हाताने बाजूला सारायचे. मी सोडते की काय? "अहो, आत्ताच तर मागितलंत, घ्या!" आणि घ्यायला लावायचे. सेवेत कमी पडले असं उद्या कुणी म्हणायला नको. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं. मी चादरी धुवायचे, उलट्या करून वाळत घालायचे, आणि गाठोडं लेकीच्या नजरेला पडू नये म्हणून दाराआड ठेवायचे. पडलंच एक दिवस.

तिचं नाव यांनी लहानपणीच 'घाईबाई' ठेवलंय, ते काही उगीच नाही. येते घाईत, जाते घाईत, माया करते तीही घाईत. हे दवाखान्यात असताना लिंबोणीला पाणी घालायचं माझ्यावर आलं होतं. मला ते ठोकणं-बिकणं कुठलं जमायला, मी आपली सरळ बादली उपडी केली. खाली ठेवायला बादलीच उरली नाही, तेव्हा सगळं गढूळ पाणी खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर. खालची जिन्यात येऊन जे बोलली ते मी इथे सांगत नाही. झालं, घाईबाईंनी त्याच दिवशी एक प्लंबर आणला. प्लंबरच्या घरात दुसरा प्लंबर! मला अन्न गोड लागलं नाही. त्याने बेसिनच्या भोकाला खालून आट्यांचं बूच लावलं, पान्याने करकचून आवळलं आणि म्हणाला, "आता थेंब पडायचा नाही, मावशी." खरंच पडला नाही.

हे घरी आले. मी यांची खुर्ची गॅलरीच्या दारात लावली. हे लिंबोणीकडे बघायचे, डावा हात तिच्याकडे करायचे आणि म्हणायचे, "पा—". मी पाणी घालायचे. थोड्या वेळाने पुन्हा "पा—". पुन्हा घालायचे. पानं पिवळी पडायला लागली, माना टाकायला लागली. मला वाटलं, तहानलीय. माणूस मान टाकतो तेव्हा आपण पाणीच तर देतो. मी आणखी घालायला लागले. लेक आली की येता-जाता तीही एक मग ओतायची. आणि यांचं चालूच. "पा—, पा—." डोळे मोठे करून, खुर्चीचा हात थोपटत. मी म्हणायचे, "अहो, घातलं! आत्ता घातलं! किती जीव तो त्या झाडावर!"

चादरींचं गाठोडं बघितलं त्या दिवशी लेक स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं.

"आई, एक विचारू? बाबांना आता कळतं का गं काही?"

"न कळायला काय झालं?"

"दिवसभर एकच शब्द. पाणी दिलं तरी पाणी. आणि हे असं अंथरुणात... त्यांना स्वतःचंही कळत नाहीये, आई. तू किती दिवस उरावर घेणार?"

"कळतं त्यांना. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं नाही."

"कशावरून म्हणतेस?"

मला राग आला. राग आला की मी भांडी घासते. मी घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

तिने एक जागा बघून ठेवली होती. अशा माणसांना सांभाळणारी. दिवसरात्र माणसं असतात, स्वच्छ आहे, मागे अंगण आहे म्हणाली. "तू माझ्याकडे राहा. आपण रोज जाऊ त्यांना भेटायला." वाईट बोलत नव्हती. हात धरून, डोळ्यांत पाणी आणून बोलत होती. म्हणूनच जास्त लागलं. रविवारी गाडी घेऊन येते म्हणाली.

मी नाही म्हणायला हवं होतं. आयुष्यभर शब्दाला शब्द लावणारी बाई मी, पण त्या दिवशी हात सोडवून घेऊन पुन्हा भांड्यांकडे वळले. कारण तिने विचारलं ते मीही मनात विचारत होते. दुपारी यांचे केस विंचरताना मी यांची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि डोळ्यांत बघितलं. "अहो, आत आहात ना तुम्ही? खरं सांगा."

"पा—" हे म्हणाले.

मी ग्लास भरून आणला. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं होतं, आणि मी आणत होते ग्लासभर पाणी.

रविवारी सकाळी मी बॅग भरायला घेतली. सदरे, टॉवेल, दाढीचं सामान. हे खुर्चीतून बघत होते. मी काय करतेय ते यांना सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? चष्म्याचं घर शोधायला कपाटाचा खालचा खण जोरात ओढला, तो पूर्णच बाहेर आला आणि त्यातलं सगळं फरशीवर सांडलं. खण्णकन आवाज झाला. यांचा तो छोटा पाना फरशीवरून घसरत पलंगाखाली गेला.

"पा—!"

मी सवयीने ग्लास उचलला. ओठांपाशी नेला. यांनी डाव्या हाताने असा फटका मारला की ग्लास भिंतीवर जाऊन आपटला. या माणसाने जन्मात माझ्यावर आवाज चढवला नव्हता, वस्तू फेकणं तर दूरच. माझा पारा चढला. "मागता काय नि भिरकावता काय! मी काय करू मग? सांगा ना! काय करू मी?" एवढं ओरडले आणि रडायला लागले. तिथेच, ओल्या फरशीवर, बॅगेजवळ बसून.

यांनी माझं रडणं थांबायची वाट बघितली नाही. डावा हात वर नेला. एक बोट ओठाच्या लोंबलेल्या कोपऱ्याखाली घातलं, आणि अडकलेली खिडकी उचलावी तसा तो कोपरा वर उचलून धरला. कपाळावर शिरा उठल्या.

"पा... ना."

मी डोळे पुसायचं विसरले.

"पाना?"

यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. एवढी सुटका झालेला माणूस मी कधी बघितला नव्हता.

मी पलंगाखाली आडवी होऊन पाना काढला आणि डाव्या हातात दिला. हे उठायला लागले. मी खांदा दिला. एक पाय टाकत, एक ओढत, आम्ही दोघं गॅलरीत गेलो. पोचायला बराच वेळ लागला. बेसिनशी उभं राहून यांनी पान्याची मूठ मारली.

ठप्प.

थोडं खाली मारली. ठप्प. आणखी खाली. ठप्प. तिथे तर आवाज मातीचा नव्हताच, भरलेल्या पिंपाचा होता. मग माझ्याकडे वळून पाहिलं आणि पान्याने बेसिनच्या खाली दाखवलं.

मी वाकले. बूच! मी ते पार विसरूनच गेले होते. खाली थेंब पडत नाही म्हणून बादलीही उचलून ठेवली होती. वरून सकाळ-दुपार-संध्याकाळ ओतायचं आणि खालून वाट बंद. बिचारी लिंबोणी गळ्यापर्यंत पाण्यात उभी होती आणि मी तिला तहानलेली समजत होते.

"तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा लावलं," मी म्हणाले. "दुसऱ्या एका प्लंबरने."

दुसऱ्या प्लंबरच्या कामाकडे बघायची यांची एक खास नजर होती. एक भुवई वर, नाकपुड्या फुगलेल्या, आणि 'कुणाच्या हातची ही कलाकुसर' असा भाव. या नजरेपायी मी लोकांच्या घरी जेवायला गेल्यावर कितीदा मेल्याहून मेल्यासारखी झाले आहे. अर्धा चेहरा हलत नव्हता, तरी तीच नजर, तसूभर कमी नाही. ती बघितली आणि माझ्या जिवात जीव आला. आत होते. हे पूर्णच्या पूर्ण आत होते, आणि इतके दिवस आतून दार वाजवत होते.

मग मी पाना घेऊन बेसिनखाली शिरले. हे वर स्टँडला धरून उभे. मी जोर लावला. "पा!" वरून आलं, तुटक, दटावणीचं. मी आणखी जोर लावला. "पा!" म्हणजे मी उलटं फिरवत होते, सोडायच्या ऐवजी आवळत होते. दुसरीकडे फिरवलं. बूच किरकिरलं, सैल झालं, आणि एकदम हातात आलं. काळं, आंबलेलं, नाक मुठीत धरावं असं पाणी माझ्या डोक्यावर, मांडीवर, गॅलरीभर झालं आणि कठड्याखालून धो धो खाली गेलं.

"अहो वरच्या!" खालून किंकाळी आली. "झालं का तुमचं परत सुरू?"

आणि हे हसले. आवाज चिरका, तोंड वाकडं, पण हसले. खांदे हलेपर्यंत हसले. मी बेसिनखालूनच ओरडले, "अहो, धरा स्वतःला, पडाल!" आणि मीही हसत सुटले.

"आई! हे काय चाललंय?" लेक गॅलरीच्या दारात उभी होती. हातात गाडीची किल्ली.

"तुझ्या त्या प्लंबरचं काम," मी बाहेर येत म्हणाले. "तुझ्या बाबांना पसंत नाही."

"आई, बाबांना कुठे कळ—"

तिचं वाक्य पुरं झालं नाही. यांनी माझ्या हातातून पाना घेतला, बेसिनवर ठोकला आणि भुवया उडवून तिच्याकडे बघितलं. म्हणजे एकच भुवई उडाली.

ठप्प.

यांनी पुन्हा ठोकलं आणि थांबले. मास्तर थांबतात तसे.

"पोट..." तिचा आवाज लहान मुलीचा झाला होता. "पोट भरलंय, बाबा."

यांनी पाना काखेत धरला आणि त्याच हाताने तिच्या डोक्यावर टपली मारली. बरोबर उत्तराला टपली नसते, तरी मारली. घाईबाई त्या घाण पाण्यात चांगल्या कपड्यांनिशी खाली बसली, यांच्या गुडघ्यांना मिठी मारून. त्या दिवशी तिला कसलीच घाई नव्हती. किती तरी वेळाने उठली, आत गेली, आणि मी भरलेली बॅग मला न विचारता रिकामी करायला लागली.

तिने मग त्या जागेवर फोन करून नको म्हणून सांगितलं. खालच्या बाईंची समजूत काढायलाही तीच गेली. काय बोलली कोण जाणे, पण तेव्हापासून चादरी दुसऱ्या खिडकीत वाळतात.

लिंबोणीसाठी पुढे काहीच करायचं नव्हतं, आणि तेच मला सगळ्यांत जड गेलं. काही करणं सोपं असतं हो. पाण्याचा मग उचलला, ओतला, कर्तव्य झालं. हातावर हात ठेवून बसणं माझ्या रक्तात नाही. मी सारखी गॅलरीत जायचे, माती चिवडायचे. हे पाना ठोकून दाखवायचे. ठप्प. अजून ठप्प. पानं गळतच होती. एक फांदी वाळून गेली, ती यांनी बोटाने दाखवली आणि मी कापली. कापताना मला रडू आलं, यांना नाही आलं. यांना आवाज कळत होता.

त्या दिवसांत मी बसून बसून विचार करायचे. इतके दिवस हा माणूस काय काय म्हणत असेल. कधी म्हणत असेल, पान पिवळं पडलंय, बघ. कधी पाना दे. कधी पाणी पुरे कर, मारशील तिला. आणि कधी कदाचित खरंच तहान लागली असेल. सगळं त्या अर्ध्या अक्षरात, आणि आम्ही प्रत्येक वेळी त्यावर एक ग्लास उपडा करून मोकळ्या. अति तिथे माती, हे मी दुसऱ्यांना सांगत आले. आमच्याकडे मातीचाही चिखल झाला होता. आता ग्लास यांच्या डाव्या हाताशी, स्टुलावर भरून ठेवते. लागलं की हे स्वतः घेतात. चादरी कोरड्या आहेत. 'घ्या' असं जिभेवर येतं, ते मी गिळते.

एका सकाळी बेसिन वेगळं वाजलं. यांनी माझ्याकडे बघितलं आणि पाना माझ्या हातात दिला. मी ठोकला. टण्ण. पहिल्यासारखं खणखणीत नव्हे, पण टण्णच. मी बादली भोकाखाली सरकवली आणि मगातून थोडं थोडं घालायला लागले. थांबत. मुरू देत. बादलीत थेंब वाजला तेव्हा माझा हात आपोआप थांबला. यांनी काही म्हणायची गरजच पडली नाही. यांना थोडं वाईट वाटलं असावं.

त्याच दुपारी मी स्वयंपाकघरात होते. आमचा नळ नेहमीप्रमाणे गळत होता. गॅलरीतून आवाज आला, "पा—". हात सवयीने ग्लासाकडे गेला. ग्लास भरता भरता मला आठवलं की यांच्या हाताशी भरलेला ग्लास आहे. मी नळ बंद केला आणि कान दिला.

"पा—" पुन्हा आलं. सावकाश, लांबवलेलं, शेवटी जरासं वर उचललेलं. तो पाण्याचा सूर नव्हता. पान्याचाही नव्हता. नवी बी रुजली, लिंबाला पहिलं फूल आलं, आभाळाचा रंग बदलला, काहीही दाखवायचं असलं की लग्न झाल्यापासून त्याच दारातून यांनी मला ज्या सुरात हाक मारली, तोच हा सूर होता. यांनी मला नावाने कधीच बोलावलं नाही. 'अगं' म्हणायचे. नुसतं 'अगं'.

"आले हो," मी म्हणाले, ग्लास ओट्यावर ठेवला आणि रिकाम्या हातांनी गॅलरीत गेले.